पाचपैकी पाच

मापवाल्यांना खुर्चीत नीट बसलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. ऑफिसात त्यांच्या नावाची खुर्ची आहे, तिच्या पाठीवर टॉवेलही आहे, पण तो टॉवेल वर्षानुवर्षं कोरा करकरीत. सकाळी सहीपुरते टेकायचे आणि निघायचे. काम दुकानांतले वजनकाटे तपासण्याचं. एका हातात लाकडी पेटी, आत मखमलीच्या खळग्यांमध्ये पितळेची प्रमाण वजनं. ही वजनं ते बोटांनी उचलत नाहीत, चिमट्याने उचलतात. बोटाच्या घामानेसुद्धा वजनात फरक पडतो, आणि मग त्याच वजनाने दुसऱ्याला खोटं ठरवायचं कोणत्या तोंडाने? असं ते स्वतःच दुकानदारांना ऐकवायचे. वजन आधी काट्याच्या मधोमध ठेवायचं, मग चारही कोपऱ्यांत. मध्ये बरोबर दाखवणारा काटा कोपऱ्यात खोटं बोलतो, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव. सगळं जुळलं की शिसं दाबून सील. ‘मापवाले आले’ म्हटलं की बाजारात अर्धे लोक काटा पुसायला घ्यायचे.

घरीही तेच. उभ्याने चहा, उभ्याने पेपर. बायको बालवाडीत शिकवते. ती म्हणायची, “अहो, माझ्या वर्गात तीस पोरं आहेत, पण सगळी मिळून तुमच्याएवढी वळवळत नाहीत. जरा बूड टेकवा.” ते टेकवायचे, आणि तिची पाठ वळली की गच्चीवर कपडे वाळले का बघायला जायचे.

अशा माणसाला कुठलातरी खेळ लागणारच होता. आठ वर्षांपूर्वी, त्रेचाळिसाव्या वर्षी, एका रविवारी ते घराजवळच्या मैदानाला फेऱ्या मारत होते आणि गवतातून सरपटत एक प्लास्टिकची तबकडी त्यांच्या पायाशी आली. त्यांनी ती परत फेकली. ती गेली भलतीकडेच, आणि तिकडची पोरंपोरी हसली. मापवाल्यांना ते लागलं. फेकलेली वस्तू सरळ जात नाही म्हणजे काय? पुढच्या रविवारी ती सरळ फेकून दाखवायला ते पुन्हा गेले, आणि तेव्हापासून एकही रविवार चुकवला नाही.

अल्टिमेट फ्रिस्बी म्हणतात त्या खेळाला. एका बाजूला सात जण. डिस्क, म्हणजे ती तबकडी, हातात असताना पळायचं नाही, आपल्या माणसाकडे फेकायची. अशी फेकत फेकत पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात कुणी झेलली की गोल. खाली पडली की समोरच्यांची. आणि सगळ्यात अजब गोष्ट अशी, की या खेळाला पंच नाही. धक्का लागला का, झेल पुरा झाला का, हे ज्याचं त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी मानायचं. मापवाल्यांना पहिल्यांदा हे कळलं तेव्हा त्यांना वाटलं पोरं चेष्टा करतायत. तपासणारा कुणीच नाही? असं जग त्यांनी बघितलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर मापवाले खेळाडू बेताचेच. जवळची फेक ठीक, लांबची डगमगत जाऊन कलंडते. धावतात पुष्कळ, पोचतात उशिरा. पोरं त्यांना काका म्हणायची, प्रेमाने पाणी विचारायची, आणि संघ चांगला पुढे असला की मैदानात उतरवायची. याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं असं कोण म्हणेल? वाटायचं. पण बोलून दाखवायचे नाहीत.

यंदा त्यांच्यातल्या एका मुलीने परदेशातल्या दोन दिवसांच्या हौशी स्पर्धेची माहिती पाठवली. एकेकट्याने नाव द्यायचं, संघ तिथे गेल्यावर कळणार. नेमकी त्याच गावात मापवाल्यांची मेव्हणी राहते. बायको म्हणाली, “जाऊन या एकदा. मला चार दिवस घरात शांतता तरी मिळेल.”

नाव नोंदवायचा फॉर्म त्यांनी ऑफिसातच, दुपारी, उभ्या उभ्या भरायला घेतला. धावणं, झेल, फेक, खेळाची समज, अनुभव. प्रत्येकात स्वतःला एक ते पाचपैकी आकडा द्या. त्यांनी प्रामाणिकपणे दोन, दोन, दोन असं लिहीत आणलं. तेवढ्यात शिपाई लिफाफा ठेवून गेला. साहेबांनी लिहिलेला त्यांचा वार्षिक अहवाल. मापवाल्यांनी उघडून पाहिला. ‘काम समाधानकारक.’ मागच्या वर्षी समाधानकारक, त्याच्या मागच्या वर्षी समाधानकारक, गेली एकोणीस वर्षं नुसतं समाधानकारक. साहेब चार बदलले, पण हा शब्द काही बदलला नाही. मापवाल्यांचं डोकं फिरलं. एकदा तरी आपला अहवाल आपण लिहू, कोण बघायला येतंय तिथे, असं म्हणत त्यांनी सगळे दोन खोडले आणि पाचही ठिकाणी पाच टाकून फॉर्म पाठवून दिला. पाठवल्यावर दोन मिनिटं भारी वाटलं. मग खाली जाऊन त्यांनी उगाचच एका भाजीवाल्याचा काटा तपासला.

स्पर्धेच्या शनिवारी सकाळी मैदानावर पोचले तेव्हा आभाळ भरलेलं होतं आणि वारा असा की तंबूचे खांब धरायला माणसं उभी केलेली. कुणाला कुठला संघ ते फळ्यावर लावलं होतं. मापवाल्यांचा संघ राखाडी शर्टांचा. त्यांची कप्तान उंच, रुंद खांद्यांची बाई होती, धंद्याने सुतार, घरांचे जिने बनवायची. हातात यादी धरून तिने विचारलं, “आपला पाच कोण?”

मापवाल्यांना आधी कळेना. मग हात वर गेला. “मी, मीच तो,” ते तिथल्या भाषेत कसेबसे म्हणाले.

“वा!” ती म्हणाली. “सबंध स्पर्धेत पाच लिहिणारे सहाच आहेत. म्हणून तर आपल्याला तीन अगदी नवखे दिलेत. सगळ्यांची बेरीज सारखी ठेवतात ना.”

हे मापवाल्यांच्या गावी नव्हतं. त्यांना वाटलं होतं, आकडे नुसते विचारायला म्हणून विचारलेत. आता समोर त्या खोट्या पाचाच्या बदल्यात दिलेले तीन जण उभे होते. एक जाडजूड बस ड्रायव्हर, एक कॉलेजात शिकणारी मुलगी, आणि एक तिशी उलटलेली सडपातळ बाई. ती बाई त्यांचं बोलणं ऐकून एकदम पुढे आली.

“अहो, आपल्याकडचे का तुम्ही? बोलण्यावरून वाटलंच मला!” ती आपल्या भाषेत म्हणाली. “कित्ती बरं वाटलं. आणि पाच! दादा, इथल्या लोकांना दाखवाच जरा.”

ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती, रक्ताच्या नळ्या तपासायची. नवरा कामासाठी महिन्यातले वीस दिवस बाहेर. दोन वर्षं या गावात राहून तिची ओळख झाली होती ती मशीनशी आणि फ्रीजशी. तीन महिन्यांपूर्वी लॅबमधल्या एकीने तिला दर गुरुवारच्या सरावाला नेलं; तो सराव हीच कप्तान घ्यायची. “तिथे पहिल्यांदा कुणी मला नावाने हाक मारली, दादा. गुरुवार असतो म्हणून आठवडा निघतो. पण मी एकदम कच्ची आहे. मी सगळीकडे एकच लिहिलंय. या दोन दिवसांत जमलं तर ठीक, नाहीतर लोकांच्या पायात पायात करायला मी परत जायची नाही.”

मापवाले “जमेल, जमेल” म्हणाले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

पाच असल्यामुळे मुख्य फेकणाऱ्याची जागा त्यांना मिळाली. डिस्क सारखी त्यांच्याकडे यायची आणि सगळे पळत सुटायचे. पहिली लांब फेक वाऱ्यावर चढून गाड्यांच्या तळावर गेली. कप्तान म्हणाली, “वारा फार आहे.” दुसरी समोरच्या संघाच्या हातात अलगद जाऊन बसली. कप्तान म्हणाली, “प्रवासाचा शीण असणार.” तिसरी कलंडत, हेलकावे खात लॅबवालीच्या डोक्यावरून निघाली. ती बिचारी उडी मारून, बोटं लावून पडली. उठताना म्हणाली, “सॉरी दादा! हातात आली होती. माझीच चूक.”

पाच हा आकडा एकदा कपाळावर लागला की लोक तुमच्या चुकांना स्वतःहून कारणं शोधून देतात. बस ड्रायव्हर तर म्हणाला, “तुम्ही मुद्दाम अवघड फेकता, आम्ही शिकावं म्हणून, हो ना?” मापवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, हो म्हणावं तर नरकात जाणार. ते पाण्याची बाटली आणायला गेले. त्या दिवसात त्यांनी अकरा वेळा बाटली भरून आणली.

पहिला सामना तेरा–चार हरले, दुसरा तेरा–तीन. तिसऱ्यात कप्तानने स्वतः फेकलेली एक डिस्क लॅबवालीने टोकाच्या पट्ट्यात, जमिनीलगत, अंग झोकून धरली. राखाडीवाले ओरडत धावले. बस ड्रायव्हरने तिला उचलायचंच बाकी ठेवलं. समोरचे संघवालेही टाळ्या वाजवत होते, त्यांनीही झेल मानला होता. ही मात्र गुडघ्यांवर बसून मान हलवत होती.

“खाली लागली,” ती म्हणाली. “गवताला लागली आधी. झेल नाही.”

कुणीच पाहिलं नव्हतं. तिचा तीन महिन्यांतला तो पहिला गोल झाला असता. तिने कपाळावरचा घाम पुसला, डिस्क समोरच्यांना दिली आणि आपल्या जागेवर पळाली. मापवाले रेषेवर उभे होते. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो काट्यांना खोटं ठरवलं होतं, पण स्वतःविरुद्ध साक्ष देणारा काटा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना तिच्याकडे बघवेना. लाज वाटली, सरळ शब्दांत लाज.

संध्याकाळी मेव्हणीकडे त्यांचा पाय एका जागी ठरेना. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून बाल्कनीत, पुन्हा बैठकीत. साडू सोफ्यावर पाय पसरून म्हणाले, “साडूभाऊ, माझी फरशी नवीन आहे. जरा बेतानं झिजवा.” मेव्हणी म्हणाली, “भावोजी, जेवण गेलं नाही का? तब्येत ठीक आहे ना?”

बायकोचा फोन आला. “काय, कसं चाललंय?”

“वारा फार आहे,” मापवाले म्हणाले.

“आवाज असा का येतोय? काहीतरी करून ठेवलंयत.”

“नाही गं.”

“बरं, नाही तर नाही. पण मग एका जागी उभे राहून बोला. पावलं ऐकू येतायत मला.”

सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. पण सांगून काय सांगणार? एकावन्नाव्या वर्षी फॉर्मवर आकडे वाढवून लिहिले? ती हसली असती, आणि हसणंच त्यांना झेपलं नसतं. आणि आता उरलंय किती, उद्याचे दोन सामने. मग विमान, घर, पेटी. इथलं कोण तिथे येतंय विचारायला? अशी ते स्वतःची समजूत घालत राहिले, आणि समजूत काही केल्या पटेना.

रविवारी सकाळचा सामनाही हरले. राहिला तो शेवटचा, सगळ्यात खालच्या दोन संघांमधला. त्याला अर्धा तास होता. कप्तान संत्री सोलून वाटत होती. लॅबवाली जराशी लांब, स्वतःच्या बॅगेवर बसून बूट काढत होती.

“बूट का काढलेत?” मापवाल्यांनी विचारलं.

“मी नाही खेळत हा. कप्तानला सांगून आले, पाय दुखतोय म्हणून. खोटंच सांगितलं.” तिने मोजे गुंडाळून बुटात कोंबले. “दादा, काल वीसेक फेकी तुम्ही माझ्याकडे टाकल्यात. सगळ्या मी सोडल्या. दुसरं कुणी असतं तर आपण दोन सामने जिंकलो असतो. एकटा पाच तरी किती ओढणार? माझ्यामुळे तुमच्यासारख्या माणसाचं नाव खराब होतंय इथे.”

“तसं काही नाही.”

“आहे. काल घरी जाऊन मी पलंगावरची गादी भिंतीला उभी केली आणि दोन तास डिस्क आपटून आपटून झेलत बसले. खालच्या मजल्यावरची बाई तक्रार करून गेली. तरी आज सकाळी तुमची फेक आली आणि पुन्हा सुटली. नाही होत माझ्याने. गुरुवारचंही बंद करते आता. उगाच लोकांना त्रास.”

 तिथून निघून बाटली भरायला जावं असं मापवाल्यांच्या पायांना फार वाटत होतं. पाय निघालेही होते. चार पावलं जाऊन ते परत आले.

“मी पाच नाहीये,” ते म्हणाले.

तिने मान वर केली आणि हसली. “मोठी माणसं असंच म्हणतात.”

“अहो, खरंच नाही. फॉर्मवर खोटं लिहिलं मी. दोन आहे मी. आमच्याकडची पोरं मला उतरवतात तीच मुळी सामना जिंकल्यात जमा झाला की.”

“दादा, माझं मन राखायला कशाला...”

काय करावं या बाईला! जन्मात पहिल्यांदा माणूस स्वतःचं माप खरं सांगतोय आणि ती विनय म्हणून उडवून लावतेय. मापवाले तसेच वळले, तरातरा कप्तानपाशी गेले आणि सगळ्यांसमोर, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, तिथल्या भाषेत जमेल तसं सांगून टाकलं. पाचही आकडे खोटे आहेत. तुमचा संघ माझ्यामुळे लंगडा झाला. काल ज्या फेकी हिने सोडल्या त्या कुणालाच झेलता आल्या नसत्या. हे तीन नवखे कमी पडले नाहीत, मी पडलो.

 बस ड्रायव्हरच्या तोंडात संत्र्याची फोड तशीच राहिली.

“खरं किती?” कप्तानने विचारलं.

“दोन. धावणं कदाचित अडीच.”

“अडीच नसतं.”

“मग दोन.”

कप्तानने हातातलं संत्रं खाली ठेवलं. रागावली होती हे उघड होतं. “मी चुकीच्या मापाने जिना केला तर माणूस पडतो,” एवढंच ती म्हणाली आणि यादी काढून जागा बदलायला लागली. फेकायला ती स्वतः आणि कॉलेजची मुलगी. मापवाले पहिली वीस मिनिटं बाहेर.

लॅबवाली अनवाणी तिथवर आली होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

“त्या झेलता येण्यासारख्या नव्हत्या?” तिने आपल्या भाषेत विचारलं.

“नव्हत्या.”

“एकही?”

“एकही नाही.”

“आणि तुम्हाला माहीत होतं. काल, दर वेळी मी सॉरी म्हणत होते तेव्हा.”

“हो.”

“वीसदा तरी म्हटलं असेन मी.” तिचा आवाज फुटला. “तुम्ही नुसतं ‘असू दे’ म्हणत होतात. असू दे! उदार झाल्यासारखे.”

मापवाल्यांनी मान खाली घातली.  ती वळली, बॅगेपाशी गेली, आणि एवढ्या रागाने बूट घातले की एक नाडीच तुटली. उरलेल्या तुकड्याची गाठ मारून ती मैदानात गेली.

मापवाले रेषेबाहेर बसले. कप्तानने सांगितलंच होतं, बसून राहा. वीस मिनिटं एका जागी. गुडघे हलत होते, बोटं गवत उपटत होती, तीनदा उठायला गेले आणि तीनदा बसले. मैदानात राखाडी शर्ट मात्र पहिल्यांदाच संघासारखे दिसत होते. कॉलेजची मुलगी छोट्या, सरळ फेकी टाकत होती. लॅबवालीने पहिली धरली. दुसरीही धरली. तिसरी छातीशी कवटाळून धरली आणि तिचं तिलाच खरं वाटेना. तीन–दोन. पाच–पाच. बाटली रिकामी होती, पण भरायला जायची मापवाल्यांची छाती होत नव्हती.

आठ–आठ झाले तेव्हा एकाचा पाय मुरगळला आणि कप्तानने त्यांना हाताने आत बोलावलं. “पुढे पळायचं. फेकायचं काही नाही.” सामन्याची वेळ संपत आली होती, त्यामुळे हा शेवटचा गोल, जो करेल तो जिंकेल.

मापवाले पळाले. काय पळाले! आणि आयुष्यात एकदा वेळेवर पोचले. टोकाच्या पट्ट्यात ते एकटे होते, आसपास दहा पावलांत कुणी नाही. डिस्क लॅबवालीच्या हातात होती. त्यांनी दोन्ही हात वर करून हाक मारली. तिने त्यांच्याकडे बघितलं. अगदी स्वच्छ, पूर्ण एक श्वासभर बघितलं. मग नजर काढून घेतली आणि डावीकडे, दोघांच्या गर्दीतून धापा टाकत येणाऱ्या बस ड्रायव्हरकडे फेकली. फेक सरळ गेली. ड्रायव्हरने ती पोटाशी धरली आणि तसाच आडवा पडला.

राखाडीवाले त्याच्यावर जाऊन कोसळले. मापवाल्यांचे हात अजून वरच होते. ते त्यांनी खाली घेतले.

गलका ओसरल्यावर ते तिच्यापाशी गेले. “मी मोकळा होतो,” ते म्हणाले. तक्रार नव्हती, पण बोलायला दुसरं काही सुचलं नाही.

“दिसलात.”

“माफ करा मला.”

“नाही करणार,” ती म्हणाली. धाप लागलेली होती, केस कपाळाला चिकटले होते. “मला खूप राग आलाय. येऊ दे. तुम्ही उद्या विमानात बसणार, राग माझा मलाच काढायचाय.”

ती तिथून गेली ती सरळ कप्तानकडे. कप्तान तंबूपाशी शर्ट पिळत होती. वारा तिकडूनच वाहत होता, त्यामुळे मापवाल्यांना ऐकू आलं.

“गुरुवारी सहा वाजताच ना?” ती विचारत होती. “मला ती लांबची फेक शिकवाल?”